नवरात्राच्या घटातले अंकुर खिडकीकडे का झुकतात

घटस्थापनेच्या दिवशी शेतातली काळी माती परडीत किंवा पत्रावळीवर पसरायची, तिच्यात गहू, ज्वारी, जव, हरभरा अशी धान्ये पेरायची, मधोमध पाण्याने भरलेला घट ठेवायचा आणि रोज एक माळ चढवत नऊ दिवस त्या मातीवर पाणी शिंपडायचे, ही रीत महाराष्ट्रातल्या असंख्य घरांना परिचित आहे. देवघर घराच्या आतल्या अंधाऱ्या भागात असेल, तर दसऱ्यापर्यंत जे उगवते ते शेतातल्या पिकासारखे मुळीच दिसत नाही. अंकुर पिवळेधमक, नाजूक आणि विलक्षण उंच होतात. एका बाजूने थोडासा उजेड येत असेल, तर सगळेच्या सगळे त्या बाजूला मान वळवून उभे राहतात. परडी अर्धी फिरवून ठेवली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा खिडकीकडे वळलेले आढळतात.

अंकुर वाकले का, उंच का झाले आणि पिवळे का राहिले, असे तीन प्रश्न ही परडी आपल्यापुढे ठेवते. वनस्पतीशास्त्राने या प्रश्नांसाठी दीडशे वर्षे खर्ची घातली आणि योगायोगाने त्यातले पायाचे प्रयोग घटातल्या गव्हासारख्याच, म्हणजे गवताच्या कुळातल्या, कोवळ्या अंकुरांवर झाले. तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत. वनस्पतीला उजेड कळतो, कळलेली गोष्ट ती अत्यल्प प्रमाणात तयार होणाऱ्या काही रसायनांच्या द्वारे शरीरभर कळवते, आणि त्यानुसार कुठल्या पेशींनी वाढायचे व कुठल्यांनी थांबायचे हे ठरते. या रसायनांना संप्रेरके म्हणतात. कृषिसेवा केंद्रात त्यांच्यापैकी काहींची ओळख ‘वाढीचे टॉनिक’ अशी करून दिली जाते, आणि ती ओळख दिशाभूल करणारी आहे असे मला प्रामाणिकपणे वाटते. टॉनिक जितके द्यावे तितके बळ वाढते, अशी आपली समजूत असते. संप्रेरक हा मात्र निरोप असतो. निरोप कोणाला पोचला, किती पोचला आणि ऐकणारी पेशी त्या वेळी कोणत्या अवस्थेत होती, यावर त्याचा अर्थ ठरतो, आणि एकच निरोप खोडाला ‘वाढ’ असा तर मुळाला ‘थांब’ असा कळू शकतो.

आधी वाकण्याकडे पाहू. प्राण्याला उजेड हवा असेल तर तो उठून उजेडात जातो. रुजलेल्या रोपाला ती सोय नाही, म्हणून त्याची बहुतेक हालचाल ही वाढीच्याच रूपाने होते. अंकुर खिडकीकडे झुकतो तेव्हा उजेडाकडची बाजू त्याला ओढून घेत नसते. सावलीकडची बाजू अधिक लांब होत असते. बैलगाडीचे उजवे चाक डाव्यापेक्षा जास्त फिरले की गाडी डावीकडे वळते, तसेच हे आहे. म्हणून खरा प्रश्न असा होतो की, उजेड पडतो एका बाजूवर, आणि वाढ वाढते दुसऱ्या बाजूची, हे कसे?

चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी या प्रश्नाची उकल करणारे प्रयोग 1880 साली प्रसिद्ध केले. गवतकुळातल्या अंकुराभोवती टोकाला बंद असलेले एक पोकळ आवरण असते. जमीन फोडून वर येताना ते आतल्या कोवळ्या पानाला म्यानासारखे जपते. डार्विन पितापुत्रांनी कॅनरी गवताच्या अशा म्यानांच्या टोकांवर उजेड न जाऊ देणाऱ्या छोट्या टोप्या घातल्या. टोपी घातलेले अंकुर सरळच राहिले. उलट, टोक उघडे ठेवून खालचा भाग वाळूने झाकला, तरी अंकुर वाकले. वाकत तर खालचा भाग होता. याचा अर्थ, उजेड टोकाला कळतो आणि टोकाकडून काहीतरी प्रभाव खाली जातो. तो प्रभाव म्हणजे काय, हे त्यांना सांगता आले नाही, पण वनस्पतीच्या शरीरात एका जागी संवेदना आणि दुसऱ्या जागी कृती असते, हे यातून स्वच्छ दिसले.

पुढची पायरी डेन्मार्कच्या पीटर बॉयसेन यान्सेन यांनी 1910 ते 1913 या काळात चढली. त्यांनी ओटच्या अंकुराचे टोक कापले, मध्ये जिलेटिनचा पातळ तुकडा ठेवला आणि टोक पुन्हा वर बसवले, तरी अंकुर वाकला. जिलेटिनमधून रसायन झिरपू शकते. अभ्रकाची चकती सावलीच्या बाजूने अर्धवट खोचली तर मात्र वाकणे थांबले, कारण अभ्रकातून काहीच झिरपत नाही. हंगेरीच्या आर्पाद पाल यांनी 1919 मध्ये कापलेले टोक अंधारातच बुंध्यावर एका बाजूला सरकवून ठेवले, आणि ज्या बाजूवर टोक होते ती बाजू जास्त वाढून अंकुर उजेडाशिवायच वाकला. शेवटी 1926 साली नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट इथे फ्रिट्स वेंट या तरुण संशोधकाने ओटच्या अंकुरांची कापलेली टोके आगरच्या, म्हणजे समुद्रशैवालापासून केलेल्या जेलीच्या, चौकोनांवर काही वेळ ठेवली, टोके फेकून दिली आणि तो नुसता आगरचा तुकडा टोक छाटलेल्या बुंध्यावर एका कडेला बसवला. बुंधा वाकला, आणि आगरमध्ये जितक्या अधिक टोकांचा अर्क उतरला होता त्या प्रमाणात, एका मर्यादेपर्यंत, अधिक वाकला. जिवंत टोकाची गरजच उरली नव्हती. त्याचा निरोप आगरमध्ये उतरला होता आणि आता तो अंशांमध्ये मोजताही येत होता. ‘वाढणे’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून या द्रव्याला ऑक्झिन हे नाव मिळाले. अंकुरांच्या टोकांत ते इतके थोडे असते की रसायनशास्त्रज्ञांना ते पुरेशा प्रमाणात हाती लागेना, आणि 1934 मध्ये त्याचा मुख्य प्रकार, म्हणजे इंडोल ॲसिटिक आम्ल, वेगळा करण्यात आला तो मानवी मूत्रातून.

ऑक्झिन पेशीला लांब कसे करते, हे समजण्यासाठी सायकलचे चाक डोळ्यांसमोर आणावे. आतली ट्यूब हवेने फुगू पाहते, पण बाहेरचा टायर तिला मर्यादेत ठेवतो. वनस्पतीच्या पेशीत पाण्याचा दाब ट्यूबमधल्या हवेचे काम करतो आणि भोवतीची पेशीभित्ती टायरचे. ऑक्झिन पोचले की पेशी आपल्या पटलावरच्या पंपांनी भित्तीमध्ये आम्लता सोडू लागते. आम्लतेने भित्तीतली एक्स्पान्सिन नावाची प्रथिने कामाला लागतात आणि भित्तीच्या धाग्यांना एकमेकांशी बांधून ठेवणारी पकड सैल होते. भित्ती सैल झाली की आतला दाब पेशीला ताणतो, पाणी आत येते आणि पेशी लांबते. नंतर नवे भित्तीद्रव्य त्या ताणलेल्या अवस्थेवर शिक्कामोर्तब करते. म्हणूनच पाण्याचा ताण पडलेल्या रोपाला कितीही ऑक्झिन दिले तरी ते लांबत नाही: टायर सैल झाला, पण ट्यूबमध्ये हवाच नाही.

एका बाजूने उजेड पडल्यावर ऑक्झिन सावलीच्या बाजूला जास्त कसे होते? पूर्वी काही जणांना वाटे की उजेडाने त्या बाजूचे ऑक्झिन नष्ट होत असावे. अमेरिकेत विन्स्लो ब्रिग्ज यांनी 1957 मध्ये मक्याच्या अंकुरांवर दाखवले की एकूण ऑक्झिन तेवढेच राहते. ते फक्त सावलीकडे वळवले जाते. टोकाच्या मधोमध उभा काचेचा पडदा घातला, तर हे वळवणे बंद होते. उजेडाची दिशा ओळखणारे प्रथिन पुढे 1990 च्या दशकात सापडले आणि त्याला फोटोट्रोपिन हे नाव मिळाले. ते निळ्या प्रकाशाने जागे होते, लालने नाही. म्हणून नुसता लाल दिवा एका बाजूला ठेवला तर अंकुर त्याच्याकडे वळत नाही. ऑक्झिन एका पेशीतून दुसरीत नेणारी वाहक प्रथिने पेशीच्या ठरावीक बाजूलाच बसलेली असतात, आणि त्यामुळे ऑक्झिनचा प्रवास साधारणपणे ताशी एक सेंटिमीटर या गतीने शेंड्याकडून खाली असा एकाच दिशेने चालतो. फोटोट्रोपिनच्या इशाऱ्याने या वाहतुकीची दिशा बदलते आणि निरोप सावलीच्या बाजूला जास्त पोचतो. पाण्याच्या पाळीला बारे धरणारा माणूस पाटातले पाणी वाढवत नाही. एक बारे मोडून दुसरे फोडतो. टोकाला बसलेले फोटोट्रोपिन हेच करते.

या वाहतुकीवरूनच मूळ खाली का जाते, हेही उलगडते. परडी आडवी कलंडली तर मुळाच्या टोकातल्या काही पेशींमध्ये पिष्टाचे जड कण नव्या खालच्या बाजूला बसतात, वाहक प्रथिने आपली जागा बदलतात आणि ऑक्झिन खालच्या बाजूला साचते. खोडात असे झाले असते तर खालची बाजू वाढून खोड वर वळले असते, आणि खोडात होतेही तसेच. मुळाच्या पेशी मात्र ऑक्झिनला फार हळव्या असतात. खोडाला वाढवणारे प्रमाण त्यांची वाढ रोखते. त्यामुळे मुळाची खालची बाजू मागे राहते, वरची पुढे जाते आणि मूळ जमिनीकडे वळते. निरोप तोच असताना ऐकणारा बदलला की अर्थ कसा उलटतो, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

प्रमाण बदलले तरी असेच होते. डाळिंबाची गुटी बांधताना साल काढलेल्या जागी लावायच्या पावडरीत ऑक्झिनचा एक प्रकार अल्प प्रमाणात असतो आणि त्याने मुळ्या फुटतात. ज्वारी, गहू, ऊस यांतले रुंद पानांचे तण मारण्यासाठी वापरतात ते टू-फोर-डी हेदेखील प्रयोगशाळेत बनवलेले ऑक्झिनच आहे. वनस्पती स्वतःच्या ऑक्झिनचे प्रमाण सतत आवरत असते, पण या कृत्रिम रूपाला ती सहज मोडू शकत नाही. निरोप थांबतच नाही, पेशी वेड्यावाकड्या वाढतात, अन्नवाहिन्या बिघडतात आणि तण पीळ पडून मरते. गवतवर्गीय पिके त्यातून बहुतांशी बचावतात. पण उसावर मारलेल्या फवाऱ्याचे तुषार वाऱ्याने शेजारच्या कपाशीवर किंवा द्राक्षबागेवर गेले, तर कपाशीची पाने भेंडीच्या पानांसारखी चिरलेली दिसू लागतात आणि द्राक्षाची पाने पंख्यासारखी आकसतात. अनेकदा हा विषाणूरोग समजून त्यावर भलतीच औषधे मारली जातात. तोच पंप नीट न धुता दुसऱ्या पिकासाठी वापरला तरी हेच घडते, इतक्या थोड्या प्रमाणात हा निरोप काम करतो.

हरभऱ्याचे शेंडे खुडण्यामागेही ऑक्झिन आहे. शेंड्यात तयार होणारे ऑक्झिन खाली वाहत असते तोवर बगलेतले डोळे दबलेले राहतात; शेंडा खुडला की ते फुटतात आणि झाड पसरते. शेंडा छाटून त्या जागी ऑक्झिन लावले तर डोळे दबलेलेच राहतात, हे 1930 च्या दशकात सिद्ध झाले. ऑक्झिन इथे एकटे नसते. मुळांकडून येणारे सायटोकायनिन हे संप्रेरक डोळ्यांना फुटायला सांगते, स्ट्रायगोलॅक्टोन नावाचे आणखी एक संप्रेरक त्यांना आवरते, आणि शेंडा गेल्यावर डोळ्यांकडे वळलेली साखरही त्यांना जागे करते. आपल्या आया-आज्या कोवळ्या हरभऱ्याची भाजी खुडून आणत, तेव्हा त्या हे सगळे गणित बदलत असत आणि घाटेही त्यामुळे वाढत.

आता घटातल्या अंकुरांची उंची आणि पिवळेपण. बी जमिनीत खोल पडले, तर त्याच्याजवळची शिदोरी संपण्याच्या आत अंकुराला उजेडापर्यंत पोचावे लागते. म्हणून अंधारातले रोप पाने पसरण्यात किंवा हरितद्रव्य बनवण्यात काहीही खर्च करत नाही. सारे बळ लांबीत घालते. हरितद्रव्य घडण्याची शेवटची एक पायरी फुले येणाऱ्या वनस्पतींमध्ये उजेडाशिवाय पुरी होतच नाही, म्हणून आतला पिवळा रंग तेवढा दिसतो. देवघराच्या कोपऱ्यातला अंकुर जमिनीच्या वर आलेला असतो, पण त्याच्या हिशेबी तो अजून मातीखालीच असतो.

अंधार आणि उजेड यांतला हा भेद ओळखणाऱ्या रंगद्रव्याला फायटोक्रोम म्हणतात. त्याचा माग अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात बेल्ट्सव्हिल इथल्या कृषी संशोधन केंद्रात लागला. तिथे हॅरी बोर्थविक, स्टर्लिंग हेंड्रिक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1952 साली लेट्यूसच्या भिजवलेल्या बियांवर आळीपाळीने लाल आणि दूरलाल प्रकाशाचे झोत टाकले. दूरलाल म्हणजे लालच्या पलीकडचा, आपल्या डोळ्यांना जेमतेम जाणवणारा प्रकाश. शेवटचा झोत लाल असेल तर सुमारे 70 टक्के बिया उगवल्या. शेवटचा दूरलाल असेल तर 6-7 टक्केच. आधी किती झोत टाकले याला महत्त्व नव्हते, फक्त शेवटच्या झोताला होते. फायटोक्रोम हे एखाद्या बटणासारखे आहे: लाल प्रकाशाने ते चालू स्थितीत जाते, दूरलालने बंद स्थितीत परतते. कोळपणीनंतर तणाची नवी पिढी का उगवते, याचे एक कारण इथे आहे. माती वरखाली होताना कित्येक वर्षे अंधारात पडलेल्या बारीक बियांना क्षणभर ऊन लागते, आणि काही तणांच्या बियांना तेवढा निरोप पुरतो.

फायटोक्रोम स्वतः काही वाढवत नाही. त्याने चालू-बंद केलेला निरोप ज्या संप्रेरकांतून पुढे जातो, त्यांत जिबरेलिन प्रमुख आहे. त्याची कथा भाताच्या एका रोगापासून सुरू होते. जपानी शेतकऱ्यांना भाताची काही रोपे इतरांपेक्षा अवाजवी उंच, फिकट होऊन कोलमडताना दिसत. त्या रोगाला ते ‘वेडे रोप’ या अर्थाचे नाव देत. एइइची कुरोसावा यांनी 1926 मध्ये, त्या वेळी जपानच्या ताब्यात असलेल्या तैवानमध्ये, दाखवले की हा प्रताप एका बुरशीने स्रवलेल्या द्रव्याचा आहे. बुरशीच्या नावावरून 1935 मध्ये त्याचे जिबरेलिन असे नामकरण झाले, आणि पुढे कळले की निरोगी झाडेही ते स्वतःपुरते बनवतात. पेशीच्या केंद्रकात डेला नावाची काही प्रथिने वाढीला लगाम घालून बसलेली असतात. जिबरेलिन आले की ती नष्ट केली जातात आणि लगाम सुटतो. अंधारात जिबरेलिन भरपूर असते, लगाम सैल असतो, आणि लांबवण्याचा कार्यक्रम चालवणारी दुसरी प्रथिने मोकळी असतात. उजेड पडताच चालू स्थितीतले फायटोक्रोम केंद्रकात शिरते आणि त्या कार्यक्रम चालवणाऱ्या प्रथिनांनाच नष्ट करवते. जिबरेलिन घटते, लगाम पुन्हा आवळला जातो, पान उलगडते आणि हिरवे होऊ लागते. ब्रासिनोस्टेरॉइड हे आणखी एक संप्रेरक या अंधाराच्या कार्यक्रमात अत्यावश्यक आहे. मोहरीच्या कुळातल्या एका छोट्या प्रयोगवनस्पतीत ते बनवण्याची क्षमताच बिघडली, तर ती अंधारातही आखूड राहते आणि उजेडात वाढल्यासारखी पाने उघडते, हे 1996 मध्ये स्पष्ट झाले.

नाशिक आणि सांगलीच्या द्राक्षबागायतदारांना जिबरेलिनची ओळख ‘जीए’ या दोन अक्षरांनी आहे. द्राक्षाच्या मण्यात बी असेल तर मण्याला वाढायला सांगणारी संप्रेरके त्या बीमधूनही येतात. थॉम्पसनसारख्या बिनबियांच्या जातीत ही सोय नसते, म्हणून मणी बारीक राहतात. फुलोऱ्याआधी जीए फवारले की घडाचा दांडा आणि पाकळ्या, म्हणजे घडाच्या उपफांद्या, लांबतात, घड मोकळा होतो. मणी धरल्यावर घड जीएच्या द्रावणात बुडवले की मणी फुगतात. पहिल्या फवारणीचे प्रमाण 10 पीपीएमच्या आसपास असते, म्हणजे 100 लिटर पाण्यात एक ग्रॅम. एक चिमूट पावडर टाकीभर पाण्यात मिसळून घडाचा आकार बदलतो, हे बागेत पाहिलेल्या माणसाला संप्रेरक या शब्दाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. वेळ चुकली किंवा प्रमाण वाढले, तर दांडे जाड आणि ठिसूळ होतात, आणि पुढच्या हंगामातल्या डोळ्यांच्या फळधारणेवरही वाईट परिणाम होऊ शकतो.

कोकणातल्या हापूसच्या बागेत याच्या नेमके उलट केले जाते. हापूस एक वर्षाआड मोहरण्याबद्दल बदनाम आहे, आणि आंब्यात जिबरेलिन पालवीला धार्जिणे व मोहराला प्रतिकूल असते. म्हणून पावसाळ्यात बुंध्याभोवती पॅक्लोब्युट्राझोल, म्हणजे बागायतदारांच्या तोंडचे ‘कल्टार’, जमिनीतून दिले जाते. ते झाडाला जिबरेलिन बनवू देत नाही. पालवी आवरते आणि मोहराची शक्यता वाढते. म्हणजे सह्याद्रीच्या एका बाजूला जो निरोप विकत घेऊन घडाला दिला जातो, तोच दुसऱ्या बाजूला अडवला जातो.

गव्हाच्या बाबतीत हे अडवणे तर बियाण्यातच भरलेले आहे. जपानच्या नोरिन 10 या बुटक्या गव्हाचा गुण कृषिशास्त्रज्ञ नॉर्मन बोरलॉग यांनी मेक्सिकोत नव्या वाणांत आणला आणि 1966 साली भारताने तिथून 18,000 टन बियाणे आयात केले. खत दिल्यावर जुने उंच वाण लोळत. हे बुटके वाण ओंबीचे वजन पेलून उभे राहत. त्या बुटकेपणाचे कारण 1999 मध्ये सापडले: या गव्हातला डेला लगाम असा बदललेला आहे की जिबरेलिन त्याला हटवू शकत नाही. आयआर 8 या भाताच्या वाणाचा बुटकेपणा मात्र वेगळ्या वाटेने आला आहे. त्यात जिबरेलिन बनवण्याचीच एक पायरी बिघडलेली आहे, हे 2002 मध्ये कळले. भाताला निरोप कमी मिळतो, आणि गहू मिळालेला निरोप मानत नाही.

उघड्या शेतातही अंधारातल्या कार्यक्रमाची एक सौम्य आवृत्ती चालू होऊ शकते. हिरवी पाने लाल प्रकाश शोषून घेतात आणि दूरलाल बराचसा पुढे जाऊ देतात किंवा परतवतात. मोकळ्या उन्हात लाल भाग दूरलालपेक्षा थोडा जास्त असतो, पण दाट पानांखाली तो दूरलालच्या दहाव्या हिश्शापर्यंत उतरू शकतो. त्यामुळे शेजारचे झाड सावली पाडायच्या आधीच, त्याच्या पानांवरून परतलेल्या दूरलाल प्रकाशावरून, रोपाला गर्दीची चाहूल लागते. फायटोक्रोम बंद स्थितीकडे झुकते, पानांत ऑक्झिन अधिक बनते, ते खोडात उतरते आणि खोड लांबू लागते. दाट पेरलेले सोयाबीन ‘माजते’, म्हणजे उंच वाढते, फांद्या कमी धरते आणि पुढे लोळते, त्यात भरपूर पाऊस आणि नत्र यांच्या जोडीला या गर्दीच्या चाहुलीचाही वाटा असतो.

उरलेल्या संप्रेरकांचा उजेडाशी संबंध थोडक्यात सांगता येईल. इथिलीन हा वायू आहे, आणि पेंढ्यात घातलेल्या आंब्याच्या आढीत एक आंबा पिकू लागला की बाकीचे झपाट्याने पिकतात ते त्याच्यामुळे. त्याच्या वनस्पतींवरच्या परिणामाचा शोध मात्र उजेडासाठी लावलेल्या दिव्यांमुळे लागला: सेंट पीटर्सबर्गच्या प्रयोगशाळेत वाटाण्याचे अंकुर आखूड, जाड आणि आडवे का वाढतात, याचे कारण दिमित्री नेल्युबोव यांनी 1901 मध्ये दिव्यांच्या वायूतल्या इथिलीनमध्ये शोधून काढले. मातीत वाढणाऱ्या अंकुराभोवती त्याने स्वतः सोडलेला हा वायू कोंडला की तो जाड होतो आणि ढेकूळ रेटायला सज्ज होतो. मोड आलेल्या मटकीच्या शेंड्याला जो आकडा दिसतो, तो टिकवण्यातही इथिलीनचा हात असतो. ॲबसिसिक आम्ल हे टंचाईचे संप्रेरक आहे. सकाळी निळा प्रकाश पडल्यावर पानांवरची रंध्रे उघडतात, तीही त्याच फोटोट्रोपिनच्या मदतीने. पण पाण्याचा ताण पडला की हे आम्ल रंध्रे मिटवायला लावते, ऊन कितीही लख्ख असले तरी.

फुलण्याचा निरोप फार उशिरा सापडला. गार्नर आणि अलार्ड यांनी 1920 मध्ये दाखवले की तंबाखूचा एक प्रकार दिवस लहान झाल्याशिवाय फुलत नाही; पुढे समजले की रोप मोजते ती रात्रीची लांबी. तूर जूनमध्ये पेरली काय किंवा महिनाभर उशिरा पेरली काय, दिवस आखडू लागल्यावरच फुलोऱ्याला येते, आणि उशिराची तूर म्हणून बुटकी राहते. पॉलिहाऊसमध्ये शेवंती लावणारे शेतकरी रात्री काही तास दिवे लावून फुले हव्या त्या तारखेपर्यंत लांबवतात, ते या मोजणीत खंड पाडूनच. रशियाच्या मिखाईल चाइलाख्यान यांनी 1930 च्या दशकातच म्हटले होते की रात्र पानाला कळते, फूल शेंड्याला येते, म्हणजे मधे काहीतरी प्रवास करत असले पाहिजे. ते द्रव्य एक लहान प्रथिन आहे, पानात बनते आणि अन्नवाहिन्यांतून शेंड्याकडे जाते, हे 2007 मध्ये पक्के झाले. डार्विन यांनी गवताच्या टोकात पाहिले तेच इथे उलट्या दिशेने दिसते: उजेड-अंधार एका जागी कळतो आणि काम दुसरीकडे होते.

पुढच्या नवरात्रात घटाशेजारी एका वेगळ्या वाटीत थोडे गहू पेरून डार्विन यांचा प्रयोग घरातल्या मुलांना करता येईल. वाटी अंधारात ठेवावी आणि म्यान दोन-तीन सेंटिमीटर उंच होईपर्यंत थांबावे. आतले पान म्यान फोडून बाहेर आले की उशीर झाला, म्हणून चौथ्या दिवसापासून रोज नजर ठेवावी. मग काही अंकुरांच्या टोकावर ॲल्युमिनियमच्या पातळ कागदाची, पेन्सिलच्या टोकावर वळून केलेली, पाच मिलिमीटरची टोपी हलकेच घालावी; काही अंकुरांना टोक उघडे ठेवून खाली त्याच कागदाची सैल पट्टी गुंडाळावी; आणि काही तसेच सोडावेत. एका बाजूला भोक पाडलेल्या खोक्यात वाटी ठेवून खोके खिडकीपाशी न्यावे. तीन-चार तासांनी उघडून पाहिले, तर मोकळे आणि पट्टीवाले अंकुर भोकाकडे वळलेले असतील, आणि टोपीवाले सरळ उभे असतील.